गंजीचा आडोसा

माघ सरत आला की इथल्या वाऱ्याला आवाज फुटतो. उभ्या ज्वारीतून जाताना तो सळसळतो, उपटून आडव्या पाडलेल्या ज्वारीवरून जाताना करकरतो, आणि कडब्याची गंजी रचून झाली की तिच्या कडा चाटत जाताना बारीक शीळ घालतो. कर्जतकडच्या या कोरडवाहू पट्ट्यात ती शीळ लोकांना सुखाची वाटते. घरामागं गंजी उभी राहिली म्हणजे जनावरांचा उन्हाळा निभला. नव्या कडब्याचा वास गोडसर असतो, ताज्या गुळासारखा, आणि संध्याकाळी सगळं गाव त्या वासात बुडून जातं.

मला मात्र त्या वासानं तळहाताला घाम सुटतो. चालताना मी गंजीपासून लांबून जातो. कुणी बिडी पेटवली तर आधी काडी विझली का ते बघतो आणि मग त्याच्याशी बोलतो. घरात काडीपेटी मी कधी आणत नाही. बायको म्हणते, लायटर आणलात, बरं झालं, पण देवापुढचा दिवा काय लायटरनं लावायचा? दिवा तीच लावते. "विज्ञानाचे सर म्हणे," असं देवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणते. मी हसतो. ही भीती कुठून आली ते तिला माहीत नाही. यंदापर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हे लिहायला बसलो तेव्हाही बघा, आधी वाऱ्याबद्दलच लिहीत बसलो.

यंदा संस्थेनं बदलीच्या फेऱ्यात मला फिरवत फिरवत पुन्हा पहिल्याच शाळेत आणून सोडलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्याच्या पंचविशीच्या वर्गात उभं केलं. खिडकी तीच आहे. बाहेर लिंब होता तो गेला, तिथं आता सौर पॅनेल उभी आहेत आणि दूर डोंगरावर पवनचक्क्या सावकाश हात फिरवत असतात. फळ्याशेजारी मोठा पडदा आला. फेब्रुवारीत दहावीची उजळणी असते, उजळणीत ऊर्जेचा धडा येतो, आणि तो येतो तेव्हा खिडकीबाहेर ज्वारी निघत असते. दर वर्षी दोन्ही एकदमच येतात. इतर गावांत निदान गंज्या लांब होत्या. इथं त्या खिडकीतून दिसतात.

धडा तसा साधा आहे. सगळी ऊर्जा शेवटी कुठून येते, तर बहुतेक सूर्याकडून. ज्वारीचं ताट चार महिने ऊन पितं आणि ते ऊन अंगात साठवून वाळतं. बैल ते खातो, त्याच उन्हावर नांगर ओढतो. आणि कोळसा म्हणजे काय, तर मुरलेलं ऊन. माणूस जन्मायच्या किती आधीची रानं गाडली गेली, दाबली गेली, काळी झाली. आपण ती उकरून भट्टीत घालतो, पाण्याची वाफ करतो, वाफेनं चाक फिरवतो, आणि त्या चाकावर इथला पंखा फिरतो. साठायला लागलेला वेळ आणि जळायला लागणारा वेळ यांत काही मेळच नाही. हे वाक्य मी दर वर्षी बोलतो, आणि बोलताना खिडकीकडं पाठ करतो. कोळशाचं मी पुस्तकात वाचलंय. कडब्याचं डोळ्यांनी पाहिलंय.

मग अणू येतो. इथं मी खडूचा तुकडा वर धरतो. एवढीच इंधनाची गोळी, आणि तिच्यात बैलगाडीभर कोळशाची ताकद. पोरं खडूकडं बघतात. एक न्यूट्रॉन येऊन आदळला की अणूचं केंद्र फुटतं, त्यातून दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते पुढची केंद्रं फोडतात, आणि त्यांतून आणखी सुटतात. त्याला साखळी अभिक्रिया म्हणतात. आता हे पडद्यावर दाखवता येतं. निळे गोळे, लाल ठिपके. कुणाला काही होत नाही.

यंदा ती चित्रफीत संपली आणि मधल्या बाकावरची वैष्णवी उभी राहिली. उंच, किरकोळ, प्रश्न विचारताना मान जरा तिरकी करणारी. तिनं विचारलं, "सर, ते काड्यांचं कधी दावणार?"

कुठलं काड्यांचं, असं मी विचारलं. विचारताना मला कळलं होतं.

"आई म्हनली, तुमी चिखलात काड्या खोचून अणू फोडून दावता. आई म्हनली, लई भारी आसतंय. एवढी शाळा शिकले पर तसला तास दुसरा न्हाई बघितला म्हने."

वर्ग हसला. मी म्हणालो, ते अभ्यासक्रमात नाही. ती बसली. माझ्या हातातला खडू बोटांत मोडला होता.

मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि आईचं नाव विचारलं. मनीषा. माहेर इथलंच, वरच्या वस्तीवरचं. सासरही लांब नाही, ओढ्यापलीकडची वाडी. वडील दुधाचा टेम्पो चालवतात. पोरगी बोलकी होती, थांबेना. आईनं लहानपणी काहीतरी पेटवलं, त्यावरून तिला अजून सगळे चिडवतात म्हणाली. आजोबा अजून आईच्या हातात काडीपेटी देत नाहीत. माहेरी आली तरी चूल ते स्वतः पेटवतात. होळीला तर आईला मागं उभं करतात आणि मामा ओरडतो, मनीला धरा, गाव पेटवंल. वैष्णवी हे सांगताना हसत होती. तिच्या लेखी ती घरातली गंमत होती.

त्या दिवशी मी पुढचे तास कसे घेतले, आठवत नाही.

मी कोल्हारचा. प्रवरेच्या काठचा. आमच्याकडं उसाचं रान, पाटाचं पाणी, जनावरांना उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं. वाळला कडबा आमच्या दारात रचलेला मी लहानपणी कधी पाहिला नव्हता. वारा होता, पण तो ओल्या रानावरून यायचा. पहिली नोकरी लागून मी या गावात आलो तेव्हा नोकरी कायम व्हायची होती आणि मी स्वतःवर फार खूश होतो. विज्ञान वाचायचं नसतं, करून बघायचं असतं, असं मी पोरांना सांगायचो. अणूच्या धड्याला मी परातीत काळ्या मातीचा चिखल थापून त्यात काडीपेटीच्या काड्या उभ्या खोचल्या. टोकाला एक, तिच्यामागं दोन, त्यांच्यामागं चार. पहिली पेटवली. फर्र करून सगळी परात पेटली. पोरं ओरडली. मग पुन्हा काड्या लावल्या, आणि या वेळी मध्ये पत्र्याचा तुकडा उभा केला. आग पत्र्यापर्यंत आली आणि थांबली. पत्र्यामागच्या काड्या तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा मी एक वाक्य बोललो होतो: "अणुभट्टीत आणि बॉम्बमध्ये मोठा फरक हाच, की भट्टीत मध्ये काहीतरी उभं असतं." शास्त्र म्हणून ते फार ढोबळ होतं, पण वर्गात टाळ्या पडल्या. पुढच्या बाकावरच्या मनीषानं तर तो पत्र्याचा तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

तास संपता संपता कुणीतरी म्हणालं, सर, घरी करून बघू का? मी म्हणालो, बघा की. आणि पुढं सांगितलं, "वाऱ्यात होणार नाही. काडी विझते. आडोसा बघा."

हे ते वाक्य. इतकी वर्षं मी ते कुठं उच्चारलं नव्हतं.

मनीषाचे आईबाप त्या वर्षीही ऊसतोडीला गेले होते. दिवाळीनंतर बैलगाडी घेऊन जायचे ते गुढीपाडव्याच्या मागंपुढं परतायचे. दहावीचं वर्ष म्हणून पोरगी आणि तिचा धाकटा भाऊ आजीपाशी राहिले होते. रानातली ज्वारी भावकीनं काढून दिली होती, कडबा घरामागं रचला होता. बाप बैलांना घेऊन परतेल तेव्हा उन्हाळाभर पुरेल अशी ती गंजी. दुपारी शाळेतून येऊन पोरीनं भावाला अणू दाखवायचा ठरवला. ताटलीत चिखल थापला. अंगणात काड्या पेटेनात, वारा होता. सरांनी आडोसा बघायला सांगितलं होतं. माघाच्या शेवटी या गावात घरामागं वाऱ्याला आडोसा कशाचा असतो? गंजीचा.

मी शाळेच्या व्हरांड्यातून धूर पाहिला. आधी पांढरा होता, मग पिवळा. मग ज्वाळा दिसल्या, आणि त्या इतक्या उंच होत्या की मला वाटलं घरच गेलं. पळत गेलो. माणसं ओढ्यातून घागरी आणत होती, पण कुणी गंजीवर पाणी ओतत नव्हतं. ओतून उपयोग नसतो हे त्यांना माहीत होतं. ती शेजारच्या छपरांवर ओतत होती. कडबा जळताना आवाज करतो. ताटांच्या कांड्या फुटतात, कुणीतरी बोटं मोडावीत तशा. चार महिने साठलेलं ऊन आमच्यासमोर एका दुपारी सुटून जात होतं आणि त्याच्या धगीनं सगळे मागं मागं सरत होते. मनीषा भावाला पोटाशी धरून बाभळीखाली उभी होती. दोघं सुखरूप होती. तिच्या हातात ती ताटली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ताटली पाठीमागं नेली.

तिनं ती कुणासाठी लपवली, हे मला तेव्हाच समजलं होतं.

निरोप पोचून तिचे वडील, तात्या, उसाच्या फडावरून आले. इकडं कुणाची गंजी जळाली की गाव पेंढ्या घालतं. प्रत्येक घरातून माणूस येतो, ऐपतीप्रमाणं कडब्याच्या पेंढ्या आणून जळल्या जागेशेजारी टाकतो, दोन शब्द बोलतो आणि जातो. कुणी हिशेब ठेवत नाही, उद्या तुमची जळाली तर ते येतील. शाळेतून आम्हीही गेलो होतो, मुख्याध्यापकांच्या मागं. राखेचा वास अजून उबदार होता. माणसं येत होती, पेंढ्या पडत होत्या, आणि तात्या मधोमध उभे होते. त्यांनी पोरीला सगळ्यांसमोर विचारलं, "कुनी शिकिवलं तुला ह्ये? काड्या घिऊन गंजीखाली बसायचं कुनी सांगितलं?"

मनीषानं मान वर केली. तिनं माझ्याकडं पाहिलं. अगदी सरळ, वर्गात उत्तर माहीत असल्यावर बघायची तसं. मी सांगेन म्हणून ती वाट बघत होती. मी जर एक पाऊल पुढं आलो असतो आणि म्हणालो असतो की मी सांगितलं, अभ्यास म्हणून सांगितलं, माझी चूक, तर काय झालं असतं? मला शिव्या बसल्या असत्या. कदाचित दोन हात. नोकरी गेली असती का? माहीत नाही. तेव्हा मात्र मला ती जाताना स्पष्ट दिसली. कोल्हारला परत गेलेला, बापासमोर उभा असलेला मी दिसलो.  अणुभट्टीत साखळी आवरायला कांड्या घालतात त्या न्यूट्रॉन गिळतात. मीही एक वाक्य गिळलं. पण माझ्या गिळण्यानं आग थांबली नाही, ती पुढं गेली.

पोरीनं मान खाली घातली आणि म्हणाली, "कुनी न्हाई. मीच."

तात्यांनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं कित्येकदा वाटलं. ते एवढंच म्हणाले की आता हिला डोळ्यांपुढंच ठेवायला हवी, घरी सोडून जायची सोय राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते तिला फडावर घेऊन गेले. परीक्षेचं मुख्याध्यापकांनी बोलून पाहिलं. तात्या म्हणाले, शाळेनंच तर एवढं शिकवलं. ते रागानं बोलत होते, त्यांना काही माहीत नव्हतं. मला मात्र वाटलं, कळलं यांना.

परीक्षेच्या हॉलमध्ये भाषेच्या पेपराला माझी पाळी होती. तिच्या बाकावर तिचा नंबर चिकटवलेला होता. पेपर वाटताना मी त्या बाकापाशी थांबलो, आणि सवयीनं एक प्रश्नपत्रिका त्यावर ठेवली. पंख्याच्या वाऱ्यानं ती उडू लागली. मागचा मुलगा म्हणाला, सर, ती न्हाई येनार, ती कोयत्यावर गेली. मी कागद उचलला. त्याच वर्षी मी बदली मागितली.

ऊर्जा नष्ट होत नाही, रूप बदलते, असं मी शिकवतो. भीतीचं तरी तसंच पाहिलं. आधी ती नोकरीची होती. नोकरी कायम झाली तर ती आगीची झाली. मग वासाची, वाऱ्याची, काडीपेटीची. कुठल्याही गावात कुणी बाई दुरून "सर" अशी हाक मारली तर छातीत धस्स व्हायचं. आणि यंदा ती मधल्या बाकावर येऊन बसली, आणि विचारू लागली की काड्यांचं कधी दाखवणार. लई भारी आसतंय, आई म्हनली. आईनं लेकीला तो तासच तेवढा सांगितला होता. त्याच्या पुढचं काही सांगितलंच नव्हतं.

रविवारी मी गेलो. गाडी रस्त्यावर लावून बांधाबांधानं चालत गेलो. तात्यांच्या रानात ज्वारी निघाली होती. कणसं मोडून झाली होती आणि म्हातारे तात्या बसून पेंढ्या बांधत होते, मनीषा त्या नेऊन गंजीला लावत होती. दरसाल कडब्याला ती माहेरी येते. मला पाहून ती थांबली. डोक्याचा रुमाल सोडून तिनं तोंड पुसलं. चाळिशीची बाई, हात कडब्यानं कापलेले. मला तिच्यात ती पोरगी शोधावी लागली नाही. मान तशीच तिरकी.

तिनं कळशीतलं पाणी दिलं. मी पाणी प्यायलो, ज्वारी कशी उतरली विचारलं, वैष्णवी हुशार आहे म्हणालो. ती ऐकत होती. मग मी म्हणालो, "मनीषा, त्या वेळची गंजी..."

"मला ठावं हाय सर," ती म्हणाली. "मी हुतेच की तिथं. मला कशाला सांगता?"

 ती पुढं बोलली ते खाली बघून, हातातल्या रुमालाची घडी करत. "गंजी जळाली त्याचं काय न्हाई. आडोसा माझा मी बघितला. पर तुमीच म्हनला हुतात, मदी कायतरी उभं पायजे. मी लई येळ बघितलं तुमच्याकडं." मग तिनं बापाकडं हात केला. "तात्यास्नी सांगा. मला अजून काडी घिऊ देत न्हाईत त्ये."

दहा-बारा पावलांचं अंतर असेल. मी वर्गात हजारो वेळा उभा राहिलोय, पण एवढं भ्यालेलं मला आठवत नाही. तात्यांसमोर खाली बसलो आणि सांगितलं. काड्या, चिखल, करून बघा म्हटलेलं, आडोसा बघा म्हटलेलं. सगळं. बोलताना मी त्यांच्या हातांकडं बघत होतो. हात पेंढीला पीळ देत होते. मध्येच थांबले.

 मग तात्या म्हणाले, "म्हंजी खोडी न्हवती ती."

"नव्हती. अभ्यास करत होती."

"आन तुमी तवा हितंच हुता. आमच्या दारात."

"होतो."

"काय करीत? पेंढ्या मोजीत?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही.  पेंढी पुरी बांधून बाजूला ठेवली. मग कोपरीच्या खिशात हात घातला, बिडीबरोबरची काडीपेटी काढली, आणि माझ्याकडं न बघता, मागं, लेकीच्या दिशेनं हात लांब केला.

"मने, च्या ठेव सरांला."

मनीषा लगेच पुढं झाली नाही. हात तसाच लांब राहिला, म्हातारा हात. मग तिनं काडीपेटी घेतली. तीन दगड उचलून ती गंजीला वळसा घालून पलीकडं गेली, वारा गंजीवरून येऊन पुढं उघड्या रानात निघून जाईल अशा बाजूला, आणि चांगली लांब गेली. दगड मांडले, खाली चिपाडं सारली. मी मागोमाग गेलो. का गेलो, सांगता येत नाही. तिथं आडोसा कशाचाच नव्हता. तिनं काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिच्या ओंजळीतल्या प्रत्येक ठिणगीला मी वळून गंजीकडं बघत होतो. गंजी पाठीमागं शीळ घालत होती.

तिनं मान वर केली. तेच बघणं.

"सर, हिकडं सरकून उभं ऱ्हावा जरा. वारं लागतंय."

मी सरकलो. वाऱ्याकडं पाठ करून, तिच्या आणि वाऱ्याच्या मध्ये.  तिनं तिसरी काडी ओढली.